धनुष्य सगळ्यात शेवटी घ्या: पुण्यात धनुर्विद्या सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या कोथरूडच्या घरी माळ्यावर ३६ पाउंडांचं, म्हणजे ताणायला तेवढा जोर लागणारं, एक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य पडून आहे. मला ते नीट ताणता येत नाही, लेकीला तर अजिबातच नाही. घेतलं तेव्हा आम्ही दोघींनी आयुष्यात एकही बाण सोडलेला नव्हता. दुकानदार म्हणाला होता, "हेच घ्या ताई, पुन्हा बदलावं लागणार नाही." त्याचं खरं झालं. वापरलंच नाही, तर बदलणार काय?

निमित्त झालं ५ ऑगस्ट २०२३ चं. त्या दिवशी बर्लिनमध्ये सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची) विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचं विजेतेपद घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून लेक म्हणाली, "आई, मला हे करायचंय." आठवड्याच्या आत धनुष्य घरात. आधी कळस, मग पाया. पाया घालण्याचं काम आम्ही नंतर केलं. लेकीच्या मागोमाग मीही चव्वेचाळिसाव्या वर्षी मैदानात उतरले. या भानगडीत जे उशिरा कळलं, ते ज्या क्रमानं आधी कळायला हवं होतं, त्या क्रमानं खाली लिहिते आहे.

१. मैदानावर जाऊन नुसते बसा

धनुर्विद्येला लांबच लांब जागा लागते आणि बटाच्या (बाण ज्यात रुततात त्या जाड फलकाच्या) मागे मातीचा बांध, जाळी किंवा कुणी फिरकणार नाही अशी मोकळी जमीन लागते. पुण्यात अशी जागा मिळणं किती अवघड, ते सांगायला नको. त्यामुळे वर्ग कुठे शाळेच्या मैदानाच्या कडेला चालतात, तर कुठे शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर. दोन-तीन ठिकाणं हेरा आणि प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण सत्र कडेला बसून बघा. फी विचारायची घाई नको.

बघायचं काय? सगळे एकाच रेषेवर उभे राहून बाण सोडतात का? बाण काढायला सगळे एकदम जातात का, की एकजण बटाजवळ असताना दुसरा धनुष्य ताणतोय? हे दुसरं दिसलं, तर प्रशिक्षक कितीही नावाजलेले असोत, उठून घरी या. नवीन मुलं किती अंतरावरून मारतात तेही बघा. पहिल्याच आठवड्यात ३० मीटरवर उभं करणारे वर्ग पालकांना खूश करतात, मुलांचा हात बिघडवतात. शिकायला देण्यासाठी हलकी धनुष्यं आहेत का, डावखुऱ्यांसाठी एखादं तरी आहे का, हे विचारा. प्रशिक्षकांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, अभ्यासक्रम केला आहे का, हेही बिनधास्त विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आणि अंतर. कोथरूडहून वाघोलीला आठवड्यातून चार दिवस जाऊ, असं ठरवणारे आम्ही तिसऱ्या आठवड्यात दमलो. थोडा साधा पण जवळचा वर्ग परवडला.

पुण्यात दोन नावं तुम्हाला हमखास ऐकू येतील. एक आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट. टोकियो ऑलिंपिक खेळलेला फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिथे सराव करायचा. पण तो हौशी लोकांचा क्लब नाही. लहान मुलांना तिथे बॉईज स्पोर्ट्स कंपनीच्या निवड चाचणीतूनच जाता येतं. दुसरं नाव राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचं. ती निवासी आहे आणि तिथेही चाचणी असते. मूल लहान असेल, मन लावून खेळत असेल, तर दोन्हीकडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आपल्यासारख्यांचा रस्ता मात्र जवळच्या वर्गातून आणि जिल्हा धनुर्विद्या संघटनेतूनच जातो.

२. तीन धनुष्यांतलं कुठलं, ते ठरवा (आज नाही, दोन महिन्यांनी)

राज्यात आणि राष्ट्रीय स्पर्धांत तीन प्रकार चालतात, आणि "आर्चरी शिकायचीय" एवढं सांगितलं तर समोरचा त्याच्या सोयीनं अर्थ काढतो.

इंडियन राउंड म्हणजे बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य. नेम धरायला साइट नाही, तोल सांभाळायला दांडे नाहीत. मोठ्यांना ५० आणि ३० मीटरवर मारायचं असतं. हा प्रकार आपल्या देशापुरताच आहे. याच्या जोरावर ऑलिंपिकला जाता येत नाही, म्हणून काही पालक नाक मुरडतात. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. धनुष्य काही हजारांत येतं, तुटलं तर रडू येत नाही, आणि साइट नसल्यामुळे शरीर शिस्तीत राहायला शिकतं. जिल्ह्यात आणि शाळेत पहिली स्पर्धा खेळायला हाच दरवाजा सर्वांत मोठा उघडा असतो.

रिकर्व्ह हा ऑलिंपिकचा प्रकार. अंतर ७० मीटर, टार्गेट १२२ सेंटिमीटरचं. अठरा वर्षांखालच्यांना आणि पन्नाशीपुढच्यांना ६० मीटर. (माझी पन्नाशी जवळ येतेय, पहिल्यांदाच आनंद वाटतोय.) स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच लाख-दीड लाखाच्या पुढे जातो.

कंपाउंडला टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ताणली की बहुतेक भार चाकं घेतात, म्हणून निवांत नेम धरता येतो. अंतर ५० मीटर, टार्गेट ८० सेंटिमीटरचं, आणि चूक जवळपास माफ नाही. महाराष्ट्राचा सध्या यात दबदबा आहे आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, त्यामुळे सगळ्यांना एकदम कंपाउंडच हवं असतं. वाढत्या मुलाला महागडं कंपाउंड घेताना एवढंच लक्षात ठेवा, की हात लांब होत जातात आणि धनुष्य त्याप्रमाणे बसवून घ्यावं लागतं. काही मॉडेलांत तशी सोय पुरेशी नसते.

३. डोळा, हात आणि ताकद मोजा

हे तिन्ही घरच्या घरी होतं. आम्ही केलं नाही, म्हणून माळ्यावर धनुष्य आहे.

डोळा: दोन्ही हात पुढे लांब करा, पंजांच्या मध्ये छोटा त्रिकोण करा आणि त्यातून भिंतीवरचं बटण बघा. आता डावा डोळा मिटा. बटण दिसत राहिलं तर तुमचा उजवा डोळा प्रमुख. नाहीसं झालं तर डावा. माझी लेक उजव्या हातानं लिहिते, पण तिचा डावा डोळा प्रमुख निघाला. वर्गातले सर म्हणाले, डाव्या हाताची धनुर्धर करा तिला. पंधरा दिवस अवघडली, मग हात बसला. उजव्या हाताचं धनुष्य आधीच घेऊन ठेवलेलं होतं, हे आता वेगळं सांगायला नको.

हात: दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि २.५ नं भागा. १६० सेंटिमीटर आले तर ६४, म्हणजे साधारण २५ इंच. ही तुमची अंदाजे ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते ते माप. बाणाची लांबी यावर ठरते आणि नवशिक्यानं त्याहून दोनेक इंच लांबच बाण वापरावा. आखूड बाण ताणताना रेस्टवरून (धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेवरून) मागे घसरला आणि दोरी सुटली, तर तो हातात घुसतो. "बाण मोठा दिसतोय, कापून घेऊ" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा.

ताकद: रिकर्व्हच्या लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पातीवर) लिहिलेलं वजन २८ इंच ताणल्यावरचं असतं. दर इंचाला ते साधारण दोन पाउंडांनी बदलतं. म्हणजे २५ इंच ताणणाऱ्या मुलीच्या हातात २४ पाउंडांचं लिम्ब प्रत्यक्षात १८ च्या आसपास भरतं. सुरुवातीला मुलांना १४ ते १८, मोठ्या बायकांना १८ ते २२, पुरुषांना २० ते २६ पाउंड पुष्कळ झाले. जिममध्ये जाणारे तरुण इथे हमखास फसतात. ज्या स्नायूंनी दोरी ओढायची ते पाठीत, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये असतात, दंडात नाही. धनुष्य आभाळाकडे उचलून, कंबर मागे झुकवून ओढावं लागत असेल, तर ते तुम्हाला जड आहे. विषय संपला.

४. पहिले तीन महिने रबर बँड आणि रिकामा बट

सरांनी आमचं धनुष्य पाहिलं, हातात घेतलं, परत दिलं आणि म्हणाले, "ताई, हे ठेवून द्या आणि रबर बँड घेऊन या." व्यायामाचा तो चपटा रबर बँड ताणून आरशासमोर उभं राहायचं, रोज वीस मिनिटं. पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढचा खांदा खाली, कोपर थोडं बाहेरच्या बाजूला फिरवलेलं, मागचा हात दर वेळी हनुवटीखाली एकाच जागी. त्या जागेला अँकर म्हणतात. ती एका सेंटिमीटरनं हलली तरी लांबवर बाण दुसऱ्याच रंगात जातो.

मग पाच मीटरवरून रिकाम्या बटावर मारायचं. त्यावर टार्गेटचा कागद नसतो. हा काळ मुलांना जीवघेणा कंटाळवाणा वाटतो आणि बरीच मुलं इथेच गळतात. पण रंग समोर दिसले की लक्ष बाणाकडे जातं, अंगाकडे राहत नाही. आपण धनुर्विद्या शिकतो म्हटलं की जो तो विचारतो, "मग पोपटाचा डोळा दिसतो का?" त्यांना सांगा, पहिले तीन महिने पोपटही नसतो.

कोपर फिरवायला विसरलात तर दोरी हाताच्या आतल्या बाजूला सटकन लागते आणि पेरूएवढा काळा-निळा डाग पडतो. आर्मगार्ड त्यासाठीच. पण आर्मगार्डला रोज फटके बसत असतील, तर उभं राहणं चुकतंय.

पुढे साइट मिळाली की एक गोष्ट लक्षात ठेवा: बाण जिकडे, साइट तिकडे. बाण डावीकडे जमत असतील तर साइट डावीकडे सरकवा. ऐकायला उलटं वाटतं. आणि एका बाणावरून साइट हलवू नका. सहाही बाण एका जागी जमले, तरच ती साइटची चूक. विखुरले, तर ती आपली.

५. शिट्ट्या आणि न मोडायचे नियम

दोन शिट्ट्या: रेषेवर या. एक: बाण सोडा. तीन: थांबा, बाण काढायला चला. पाच किंवा जास्त: काहीतरी गडबड आहे, जसे असाल तसे थांबा, ताणलेली दोरी हळूच सैल करा आणि बाण काढून ठेवा.

बटाकडे पळायचं नाही. बटातून बाहेर आलेली बाणांची टोकं बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. बाण उपटताना एक हात बटावर टेकवून दुसऱ्यानं सरळ ओढायचा आणि मागे कुणी उभं नाही ना, ते बघायचं. बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. बाणात जाणारी सगळी ताकद लिम्बमध्ये परत जाते आणि लिम्ब चिरतं. पाहुण्यांच्या हातात धनुष्य देऊ नका, ते हमखास हेच करतात.

सोसायटीच्या गच्चीवर सराव करायचा नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी गाद्या रचून केला. चौथा बाण शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत मिळाला. टाकीच होती, हे नशीब.

६. आता खरेदी, तीही टप्प्यानं

पहिल्या दिवशी फक्त एवढं: स्वतःच्या मापाचं फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरची पट्टी), आर्मगार्ड, पुढून बंद असलेले बूट, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट, लांब केसांसाठी रबर. बाकी सगळं वर्गातलं.

तीन महिन्यांनी स्वतःचे आठ-दहा बाण आणि कमरेला बांधायचं क्विव्हर, म्हणजे भाता. बाणाला स्पाइन असतो, म्हणजे तो किती लवचीक आहे याचं माप. सुटताना बाण मासळीसारखा वळवळत जातो. धनुष्याच्या वजनाशी स्पाइन जुळला नाही, तर नेम बरोबर असूनही बाण एका बाजूला पळतात. म्हणून बाण सरांना विचारून घ्या, सवलत बघून नाही. कार्बनचा बाण दगडावर आपटला की दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवून बघा. करकर आवाज आला तर मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटला, तर काड्या हातात जातात.

धनुष्य सहा महिन्यांनी, आणि त्यातही रिकर्व्ह असेल तर रायझर (मुठीचा मधला भाग) बरा घ्या, लिम्ब स्वस्त. लिम्ब बदलत जाणार आहेत. वर्गातल्या मोठ्या मुलांची हलकी लिम्ब पडून असतात, आधी त्यांना विचारा. दोरी चढवायला स्ट्रिंगर घ्याच. पाय अडकवून धनुष्य वाकवणारे लिम्ब पिळवटतात.

पुण्याच्या हवेबद्दल थोडं. पावसाळ्यात टार्गेटचा कागद लगदा होतो, गवताचे बट फुगतात आणि जून ते सप्टेंबर निम्मी सत्रं रद्द होतात. वर्गाची वार्षिक फी भरण्याआधी पावसाळ्यात काय करता, ते विचारा. काही जण शेडमध्ये १८ मीटरचा सराव घेतात. एप्रिल-मेमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. उन्हात तापलेल्या डिकीत लिम्बचे थर सुटतात. दुचाकीवर पाच-साडेपाच फुटांचं बांबूचं धनुष्य आडवं धरून कर्वे रस्त्यावरून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही ते पाठीला उभं बांधा.

७. कागदपत्रं एका फाइलमध्ये

- जन्मदाखला (मूळ आणि तीन-चार झेरॉक्स)
- आधार कार्ड
- शाळा किंवा कॉलेजचं बोनाफाइड
- पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो
- डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला
- अठराच्या आतल्यांसाठी पालकांचं संमतिपत्र
- आधीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं, असतील तर

सापळा एकच, पण मोठा: जन्मदाखला, आधार आणि बोनाफाइड या तिन्ही मुख्य कागदांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी हवी. आमच्या लेकीच्या आधारवर वडिलांचं नाव एका वेलांटीनं वेगळं होतं. ते दुरुस्त करण्यात स्पर्धेची मुदत गेली.

८. नोंदणी आणि पहिली स्पर्धा

दोन वेगळ्या शिड्या आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. एक संघटनेची: जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय. यासाठी जिल्हा संघटनेकडे आणि राष्ट्रीय संघटनेकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते. प्रशिक्षकांना "सर, नोंदणी झाली का?" एवढंच विचारून थांबू नका, स्वतःचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. मोठ्यांनाही ही शिडी उघडी आहे, खुल्या गटाला वयाची वरची मर्यादा नाही.

दुसरी शालेय: १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. प्रवेशिका शाळेकडूनच जाते, पालकांना थेट भरता येत नाही. म्हणून जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना भेटा. शाळेत धनुर्विद्या शिकवत नसतील, तरी शाळेच्या नावानं खेळता येतं, हे बऱ्याच शिक्षकांनाही सांगावं लागतं. शिवाय शालेय स्पर्धांत पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण हे तीन वेगळे जिल्हे धरले जातात, आणि त्यात शाळेचा पत्ता बघतात. राहायला औंधमध्ये, शाळा सांगवीत, तर मूल पिंपरी-चिंचवडकडून खेळणार. वयाची कटऑफ तारीख दर वर्षीच्या परिपत्रकात असते, ती स्वतः वाचा. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण हवे असतील, तर कुठल्या पातळीच्या कामगिरीला ते मिळतात, हेही आधी बघून ठेवा.

स्पर्धेच्या दिवशी जीन्स घालू नका, लष्करी छापाचे कपडेही नकोत. नियमात बसत नाहीत. प्रत्येक बाणाच्या काडीवर आपलं नाव किंवा नावाची आद्याक्षरं हवीत. शिवाय आम्ही नेलपॉलिशचे ठिपके लावतो.

साधारण सहा बाणांना मिळून ठरावीक वेळ मिळतो. घाई कुणीच करत नाही, फक्त नवशिके करतात. जास्त बाण सोडलात तर कमी गुणांचे धरले जातात. हातातून निसटलेला बाण आपल्या रेषेपुढच्या तीन मीटरच्या रेषेच्या आत पडला, तर तो सोडलेला धरत नाहीत, दुसरा घ्या. माझ्या लेकीला हे माहीत नव्हतं, ती एक बाण कमी मारून रडत बाहेर आली.

बटाजवळ गेल्यावर गुण लिहून होईपर्यंत बाणाला किंवा कागदाला हात लावायचा नाही. बाणाची काडी दोन रंगांमधल्या रेषेला नुसती टेकली असेल, तरी वरचे गुण मिळतात. शंका असेल तर पंचांना बोलवा, लाजायचं कारण नाही. गुण मोठ्याकडून लहानाकडे लिहितात: १०, ९, ९, ७ असे. बाण काढण्याआधी प्रत्येक भोकावर पेनानं खूण करा. एखादा बाण बटावर आपटून खाली पडला, तर खूण नसलेलं भोक शोधूनच त्याचे गुण देता येतात. खुणा नसतील, तर ते गुण गेले.

शेवटी स्कोअरशीटवर सही करण्याआधी बेरीज स्वतः करा. सही झाली की बेरीज तुम्हाला मान्य आहे, असं धरतात. आणि सही केल्यावर मोबाइलनं शीटचा फोटो काढून ठेवा. प्रमाणपत्र हातात यायला कधी कधी दोन महिने लागतात, आणि शाळेला ते आत्ताच हवं असतं.